शेंड्यावरची सफरचंदं

९ जानेवारी १९७१, शनिवार

कॉलेज सोडून दोन महिने झाले. आज पहिल्यांदा वाटलं की बरोबर केलं. ग्लेनिस आली होती.

प्रीसांची ग्लेनिस. त्यांचं घर आमच्या गल्लीच्या वरच्या टोकाला. ती चेल्टनमला मास्तरीण व्हायचं शिकते आणि सुट्टीला इथे गावी, ब्रॉकमर्टनला येते. मी बर्मिंगहॅमला इंजिनियर व्हायचं शिकत होतो. गावात मी सांगितलंय की प्राध्यापकाशी भांडण झालं. भांडण झालंही, मी त्याच्या टेबलावर ड्रॉइंगचा बोर्ड आपटला. खरी गोष्ट फक्त इथे लिहितो. नोव्हेंबरातल्या शेकोटीच्या वेळी ग्लेनिस भाजलेला बटाटा फुंकत म्हणाली होती, "इंजिनियर लोक काय बोर असतात रे!" त्यानंतर आठवड्याभरात मी ट्रंक घेऊन घरी. तिला अजून माहीत नाही की हे कुणासाठी. कळेल.

आज ती थेट बाबांकडेच आली. बाबा दारात बूट खरवडत होते.

"मिस्टर यॅप, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मला तुमच्या आयरिश पीच सफरचंदांची एक परडी हवी. आत्तापासून सांगून ठेवतेय."

"ऑगस्टात सगळ्यांनाच परड्या हव्या असतात. तुला कशाला?"

ती लाल झाली. "ते तेव्हा कळेल."

"हं," म्हातारा म्हणाला. "तुझ्या आईलाही माझ्या बापानंच दिली होती."

आमच्या गावात ऑगस्टातल्या लग्नाच्या टेबलावर वर्षाच्या पहिल्या सफरचंदांची ताटली लागते आणि केक कापायच्या आधी नवरानवरी एक सफरचंद अर्धं अर्धं खातात. सफरचंद शेजारच्या बागेतलं हवं, बाजारातलं नको. म्हणजे काय ते उघडच आहे. जाताना ती माझ्याकडे वळून म्हणाली, "नेव्हिल, झाडावर लक्ष ठेव हं!"

झाडावर लक्ष ठेव. हे बोलायला ती एवढ्या चिखलातून आली.

२४ जानेवारी, रविवार

टपालवाल्यांनी बुधवारपासून संप केलाय. माझं ग्लेनिसला लिहिलेलं पत्र कोटाच्या खिशात. यांना नेमकं याच वर्षी भांडायचं होतं.

बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. उद्या हेरफर्डच्या इस्पितळात, पुढे हाडं जुळेपर्यंत तिथेच. रात्रीचं जेवण करता करता हुकूम सुटले.

"कोंबड्या बघ. कोळसा आण. झाडांना हात लावू नकोस."

"छाटणी राहील ना पण."

"ब्यूटीची मी आल्यावर बघतो. आयरिश पीचचं माझं मी बघीन."

"का, असं काय आहे त्यात?"

"तुला काय करायचंय? तू तर इंजिनियर." मग बटाटा मोडत, "हां, तेही नाहीस."

मी ताटावरून उठलो.

झाडं तीन आहेत. फाटकाशी ब्यूटी ऑफ बाथ. तिची फळं पूर्ण पिकायच्या आत झाडावरून सुटतात, म्हणून जुलैत खाली पेंढा पसरावा लागतो. कोंबड्यांजवळ क्वारेंडन, गडद लाल, बारकं. आणि भिंतीशी आयरिश पीच. नावात पीच असलं तरी सफरचंदच, पण असं सफरचंद आता कोणी लावत नाही, कारण ते विकताच येत नाही. आज काढलं की परवा पिठूळ. झाडाखाली उभं राहून खायची वस्तू. पहिलं फळ बाबा दर वर्षी एकटेच खातात, आई गेल्यापासून तर कुणाला हाकसुद्धा मारत नाहीत. गाभ्यासकट खातात, देठ तेवढा टाकतात. मग गावाला वाटायचं. गावच्या प्रदर्शनात त्यांचीच ताटली पहिली येते. कोणी गुपित विचारलं तर एका वर्षी सांगतात कोंबडीची विष्ठा, दुसऱ्या वर्षी चहाचा चोथा.

८ फेब्रुवारी, सोमवार

कुंपणापलीकडच्या मिस्टर बफ्टनशी आज बोलणं झालं. त्यांचं बाबांशी फारसं जमत नाही. पंधराएक वर्षांपूर्वी बाबांनी त्यांना आमच्या आयरिश पीचचं कलम दिलं होतं. झाड हे एवढं वाढलंय पण फळाच्या नावानं शून्य. ते म्हणतात यॅपनं मुद्दाम खोटं कलम दिलं. बाबांना विचारलं तर बाबा नुसते हसतात.

बफ्टन पाइप दातात धरून म्हणाले, "तुझ्या बापाचं झाड बघ पोरा. भिकाऱ्याच्या दाढीसारखं लोंबतंय. कात्री म्हणून लागली नाही त्याला कधी."

"फळं धरतात पण."

"धरतात, पण केवढी? कोंबडीच्या अंड्याएवढी. मी सांगतो तसं कर. दर नव्या काडीचे दोन-तीन डोळे ठेव, पुढचं उडव. झाडाचा जोर लाकडात जातो, तो फळात उतरला पाहिजे."

"तुमच्या आयरिश पीचलाही असंच कापता?"

"कापतो तर! पण मुळात कलमच खोटं, त्याला मी काय करणार? माझी बाकीची झाडं बघ की."

बाकीची झाडं मी लहानपणापासून बघतोय, गच्च लागतात. बोलणं पटण्यासारखं आहे. बाबांनी आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही, म्हणून त्यांची सफरचंदं अंड्याएवढी. ग्लेनिसच्या ताटलीत मला अंडी नकोत.

१३ फेब्रुवारी, शनिवार

केलं.

सकाळी दवाचा बर्फ वितळल्यावर सुरुवात केली, उजेड जाईपर्यंत. एकही काप घाईत नाही. बाहेरच्या डोळ्याच्या वर, तिरका, पाणी ओघळून जाईल असा. बोटं बधिर झाली की कोंबड्यांच्या खुराड्यात घालून गरम करायची. प्रत्येक काडी कापताना मनात एकच नाव. लिहायला लाज वाटते, पण ही वही वाचणार कोण?

नव्या काड्यांच्या टोकांना गुबगुबीत, लवदार कळे होते. ते उडवताना वाईट वाटलं. पण बफ्टन कुंपणावरून म्हणाले, "तेच जोर खातात, उडव." मग उडवले. लांब शिडी बाबांनी कुलपात ठेवलीय, त्यामुळे पार वरचा शेंडा राहिला. खालून बघितलं तर झाड नुकतेच केस कापलेल्या मुलासारखं दिसतं, फक्त डोक्यावर चार केस उभे.

"शाबास," बफ्टन म्हणाले. "बापाला जमलं नाही ते केलंस."

काटक्या जाळल्या. धूर चांगला गोड होता. उद्या व्हॅलेंटाइनचा दिवस आणि टपाल बंद. असू दे, माझं पत्र मी झाडावर लिहिलंय.

९ मार्च, मंगळवार

संप मिटला. टपाल आलं. बियाण्यांचा कॅटलॉग आणि इस्पितळाचं कार्ड. तिच्याकडून काही नाही. माझं पत्र मी काल सकाळीच पेटीत टाकलं. तिकडे पोतीच्या पोती साचली असतील. एवढी पत्रं वाटायची म्हणजे वेळ लागणारच.

२० मार्च, शनिवार

बाबा आले, दोन काठ्यांवर. गाडीतून उतरले ते घरात न जाता सरळ बागेत. आयरिश पीचसमोर उभे राहिले. मग काठ्या टेकत झाडाभोवती पूर्ण एक फेरी. एक काडी हातात धरून काप बघितला, अंगठा फिरवला.

"कुणी शिकवलं?"

"मिस्टर बफ्टननी."

म्हातारा हसायला लागला. एवढा हसला की काठी पडली. मी ती उचलून दिली तर डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इस्पितळातल्या औषधांचा परिणाम असेल.

"काय झालं?"

"काही नाही. नीट कापलंयस."

"खरंच?"

"खरंच. फार नीट कापलंयस."

उभ्या जन्मात त्यांनी केलेली पहिली स्तुती. तारीख लक्षात ठेवायला हवी. नंतर दिवसभर खुर्चीत बसून होते, चहाही घेतला नाही.

११ एप्रिल, ईस्टर

देवळाच्या दारात मिसेस प्रीस सगळ्यांचे हात धरधरून बोलत होत्या. ग्लेनिसच्या डाव्या हातात अंगठी. शेजारी एक उंच माणूस, ओठांवर हसू चिकटवलेलं. डेरेक. चेल्टनमचा दातांचा डॉक्टर. इंजिनियर बोर, आणि लोकांच्या तोंडात आरसा घालून बसणारा बोर नाही!

"नेव्हिल!" ती म्हणाली. "हा डेरेक. डेरेक, ज्या बागेबद्दल सांगत होते ना, ती यांची."

डेरेक म्हणाला, "म्हणजे आमची सफरचंदं तुमच्याकडे आहेत तर!"

आमची सफरचंदं.

मी विचारलं, "माझं पत्र मिळालं का?" ती खाली बघून म्हणाली, "मिळालं. बोलू आपण नंतर." डेरेकनं घड्याळ पाहिलं.

१३ एप्रिल, मंगळवार

काल पबमध्ये काय झालं ते लिहून ठेवतो, कारण गाव त्याला आता शेपट्या लावणार. डेरेक प्रीस मंडळींबरोबर बसला होता. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "नेव्हिल, तुझ्या बागेतलं लग्न रे!" आणि सगळे हसले. मी ग्लास ठेवला, म्हणजे आपटला. म्हणालो, "तुमच्या लग्नाला माझ्या झाडाचं एक फळ मिळणार नाही! बघून घ्या!" मिस्टर प्रीस म्हणाले, "घरी जा पोरा." डेरेक बायका पुसतात तसा रुमालानं टेबलावर सांडलेला सायडर पुसत राहिला. तेच जास्त लागलं.

बाबांना कळलंय. सकाळी एवढंच म्हणाले, "बोलायला नको होतंस."

"का? घाबरू मी त्यांना?"

"तसं नाही," म्हणाले, आणि खिडकीतून झाडाकडे बघत बसले.

९ मे, रविवार

ब्यूटी फुलून पांढरी झालीय. क्वारेंडन गुलाबी. बफ्टनकडची सगळी झाडं बहरली. आयरिश पीचला नुसती पानं. छान, रसरशीत, हिरवी पानं.

मी आत जाऊन विचारलं, "त्याला उशिरा बहर येतो का?"

बाबांनी पेपर खाली ठेवला. "नाही."

"मग?"

"ते शेंड्याला धरतं, नेव्हिल. गेल्या वर्षीच्या काडीच्या टोकाला. टोक गेलं की वर्ष गेलं."

मला आधी कळलंच नाही. मग तो लवदार कळा आठवला. मग सगळे आठवले.

"सांगितलं का नाहीत?"

"हात लावू नकोस म्हटलं होतं."

"का, ते सांगितलं नाहीत!"

"तुला सांगितलं असतं तर पबमध्ये बोलला असतास." मग म्हणाले, "पंधरा वर्षं बफ्टन टोकं कापतोय आणि दर मे महिन्यात मान वर करून बहर शोधतोय. मी या खिडकीतून बघतो. मला दुसरी करमणूक काय होती इथं?"

"आणि मला म्हणालात नीट कापलंयस!"

"नीटच कापलं होतंस. त्यात खोटं काय?"

मी कप फेकला. भिंतीला लागला, त्यांना नाही. पंधरा वर्षं म्हाताऱ्यानं शेजाऱ्यासाठी सापळा लावून ठेवला आणि त्यात मी सापडलो. वर मलाच म्हणतो तुकडे उचल.

२२ मे, शनिवार

गावात एकच चर्चा. यॅपच्या पोरानं सूड म्हणून झाड भादरलं. दुकानात मिसेस प्रीस माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि साखर मागताना त्यांचा आवाज थरथरत होता. त्यांच्या लग्नातली ताटली म्हणे अजून कपाटात ठेवलीय, पोरीसाठी.

मी फेब्रुवारीत कापलं. तेव्हा डेरेक नावाचा प्राणी मला माहीतसुद्धा नव्हता. मी तिच्यासाठी कापलं. हे कुणाला सांगू? सांगितलं तर दोन गोष्टी कबूल कराव्या लागतात. एक, मला माझ्या बापाच्या झाडाचं ओ की ठो कळत नाही. दुसरी, ती.

३० मे, रविवार

बफ्टनना गाठलं. म्हणालो, "तुम्ही होता कुंपणावर. फेब्रुवारीत होता. लोकांना सांगा."

"मी कशाला सांगू? मी सांगितलं होतं छाटणी कर. असा सत्यानाश कर असं नाही सांगितलं."

"तुम्ही सांगितलंत तसंच कापलंय!"

"तसंच कापलं असतंस तर फळं धरली असती."

"तुमच्याला धरतात का?"

पाइप तोंडातून निघाला. "माझं कलम खोटं आहे. सगळ्या गावाला माहीत आहे." आणि दार लावून घेतलं. दाराला एक लाथ घातली मी. आतून कुत्रा भुंकला.

गुपित फोडून त्याच्या तोंडावर मारावं असं आलं होतं. पण म्हाताऱ्याला शब्द दिलाय. का दिला कुणास ठाऊक. त्या दिवशी कपाचे तुकडे उचलताना ते खुर्चीतून म्हणाले होते, "बफ्टनला तेवढं कळू देऊ नकोस. मी मेल्यावर सांग हवं तर." मी हो म्हटलं होतं.

१३ जून, रविवार

विशेष काही नाही. कोंबडी एक मेली. बाबा आता एका काठीवर चालतात. दुपारी कुंपणाशी उभे राहून बफ्टनशी बोलत होते, बराच वेळ. मी वरच्या खिडकीतून पाहिलं. बाबा हातानं काडी दाखवत होते, मग बोटाचं टोक. बफ्टननी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. जेवताना विचारलं तर म्हणाले, "पावसाचं बोलत होतो." पाऊस नाहीच गेले कित्येक दिवस. दोन म्हातारे एकमेकांना धरून राहिलेत, आणि माझ्या बाजूनं घरातलंही कोणी नाही.

२६ जून, शनिवार

ग्लेनिस आली होती. एकटी, सायकलवर. सगळं जसंच्या तसं लिहितो.

मी पेंढ्याचे भारे सोडत होतो. तिनं सायकल फाटकाला टेकवली. उन्हानं नाकावर ठिपके आलेत.

"नेव्हिल, मला एकच विचारायचंय. खरं सांगशील?"

"मी कधी खोटं बोललो?"

"मिस्टर बफ्टन आईकडे आले होते. म्हणाले, छाटणी त्यांनीच तुला शिकवली आणि त्यांचंच चुकलं. म्हणाले, तू फेब्रुवारीतच कापलं होतंस, आणि तुला ठाऊकच नव्हतं."

एवढं करण्यापुरती बफ्टनला लाज उरली होती तर! उशिरा का होईना, मनाची टोचणी लागली असेल.

"चुकून झालं ना?" ती म्हणाली. "तेवढंच म्हण. मी सगळ्यांना सांगते. आईला त्या ताटलीचं फार लागलंय, पण चुकून झालं म्हटल्यावर ती काय बोलणार? सगळे विसरतील. तूही लग्नाला ये."

लग्नाला ये.

मी विचार केला, हो म्हटलं तर पुढे काय? ती घरी जाऊन डेरेकला सांगणार, "बिचारा, त्याला माहीतच नव्हतं रे." आणि तो म्हणणार, "बिचारा." दोघं गालातल्या गालात हसणार. मग कधीतरी तिच्या डोक्यात येणार की एवढ्या बर्फात हा दिवसभर शिडीवर करत काय होता? तेही कळणार. मग तर मी पुरताच बिचारा.

"मुद्दाम केलं," मी म्हणालो.

"फेब्रुवारीत? तेव्हा तर तुला..."

"मला तेव्हाच कळलं होतं."

"कसं कळेल? मलाच कळलं नव्हतं!" तिचा आवाज चढला. "डेरेकनं ईस्टरला विचारलं मला."

"जानेवारीत परडी मागायला आली होतीस तेव्हा कुणासाठी मागत होतीस मग?"

"तो विचारील असं वाटत होतं म्हणून! मूर्खासारखी आशेवर होते, बस?"

आशेवर असणं म्हणजे काय ते मला शिकवायला नको.

"मी आईशी भांडले तुझ्यासाठी," ती म्हणाली. "म्हटलं, नेव्हिल तापट आहे पण नीच नाही. तुला वाटेल ते बोलली म्हणून परवा तिला माझ्या बाबांसमोर सॉरी म्हणायला लावलं मी. आता मी जाऊन काय सांगू?"

"जे आहे ते सांग."

तिनं सायकल उचलली. फाटक लावताना रडत होती. मी नीट पाहिलं, खरंच रडत होती. म्हणजे अजून काहीतरी आहे. काही नसतं तर कशाला रडेल?

बाबा दारात उभे होते. "काय म्हणालास तिला?"

"मुद्दाम केलं म्हणालो."

ते तिथेच पायरीवर बसले. खुबा दुखत असावा. मग म्हणाले, "अरे, कशाला?" मी म्हटलं, "तुम्हाला नाही कळायचं."

१८ जुलै, रविवार

लग्नाआधी तीन रविवार देवळात नवरानवरीची नावं वाचून हरकती विचारतात, तशी ग्लेनिस-डेरेकची वाचली. आज पहिली खेप. "या विवाहास कुणाची हरकत असल्यास..." पाद्री एवढं म्हणून थांबला आणि सगळी डोकी माझ्याकडे वळली. मी छताकडे बघत बसलो. बाबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, घट्ट. मी झटकला.

२९ जुलै, गुरुवार

ब्यूटीखाली पेंढा घातला, कोपरभर जाड. पहिली फळं पडायला लागलीत. दोन ठेचलेली निघाली, बाकी नीट. दिवसभर बागेतून एक एक आवाज येतो, धप्. बाबा म्हणाले, यातलीच परडीभर प्रीसांना द्यायची का? मिसेस प्रीसनी निरोप पाठवला, यॅपांच्या बागेतलं काही नको.

१ ऑगस्ट, रविवार

आयरिश पीचच्या शेंड्यात लाल दिसलं. मी म्हटलं पान असेल. बाबा काठी वर करून म्हणाले, "पान नाही. फेब्रुवारीत तुझी शिडी पोचली नाही तिथं. सहा-सात तरी आहेत." म्हाताऱ्याला दूरचं अजून दिसतं. आवाजात काहीतरी होतं. "शनिवारपर्यंत तयार होतील, बघ तू. ताटलीला पुरतील."

७ ऑगस्ट, शनिवार

सकाळी खाली आलो तर म्हातारा दाढी करून, प्रदर्शनाचा कोट घालून बसलेला. टेबलावर आईची जुनी परडी, आत पानं पसरलेली. लांब शिडीचं कुलूप काढलेलं.

"मी चढलो असतो. पण हा पाय," ते म्हणाले. "बारा वाजता लग्न आहे. तू तिकडे यायचं नाहीस, मी नेऊन देतो. मिसेस प्रीसना मी समजावतो. तू फक्त काढून दे."

"त्यांना यॅपांचं काही नको आहे."

"ताटलीत पाहिल्यावर हवं होईल. नेव्हिल, चढ."

चढलो. त्यांनी खाली शिडी धरली, काठी गवतात टाकून दोन्ही हातांनी. वर गेल्यावर बफ्टनच्या छपराच्या वरून देऊळ दिसतं. डेरेकच्या गाडीला पांढऱ्या फिती. बायकांच्या टोप्या. तेवढ्यात घंटा सुरू झाल्या.

पहिलं सफरचंद हातात नुसतं धरलं तर देठासकट आलं. एका गालावर लाल रेघा, उन्हानं कोमट. नाकाशी नेलं. आणि खाल्लं. तोंड रसानं भरून गेलं. आधी आंबट, मग लगेच गोड, मग असं काही तरी की त्याला नाव नाही. आजवर मला या झाडाचं फळ नेहमी परडीतून मिळालंय, दुसऱ्या दिवशीचं. हे असं असतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरं खाल्लं. देवळापाशी पांढरं काहीतरी गाडीतून उतरलं. तिसरं खाल्लं. गाभे खाली टाकत गेलो. घंटा थांबल्या तेव्हा शेवटचं दातात होतं.

खालून आवाज, "किती निघाली?"

"संपली."

शिडी हलली नाही, म्हाताऱ्यानं ती तशीच घट्ट धरली होती. मग विचारलं, "कशी आहेत?"

"बरी."

उतरलो. बाबांनी शिडी सोडली आणि हळूहळू वाकले, मला वाटलं काठीसाठी. तर गवतातला एक गाभा उचलला. कोटाला पुसला. माझ्याकडे न बघता तोंडात घातला आणि चावत उभे राहिले, देठ तेवढा बोटांत धरून. ठेवणीतला कोट अंगावर आणि पोराचं उष्टं चघळतोय. कुंपणावरून बफ्टन बघत होता. मला इतकी लाज वाटली की मी आत गेलो.

८ ऑगस्ट, रविवार

ब्यूटीची गळ चालू. पेंढा बदलला.

दुपारी बफ्टन कुंपणाशी आला. हातात कात्री, पण मिटलेली. बाबांना म्हणतो, "यॅप, येत्या फेब्रुवारीत मग मी काहीच कापायचं नाही ना? टोकं तशीच?"

"तशीच," बाबा म्हणाले.

"आणि वाळलेलं?"

"वाळलेलं तेवढं काढ. बाकी हात लावू नकोस. दोन वर्षांत बघ."

मी ऐकतच राहिलो. पंधरा वर्षं जपलेली गोष्ट! मला पोटच्या पोराला सांगितली नाही, मला वर शब्द द्यायला लावला, आणि त्या पाइपवाल्याला फुकटात देऊन टाकली. बफ्टन गेल्यावर मी विचारलं, "याला कधी सांगितलंत?"

"जूनमध्ये."

"का?"

"द्यावी लागली."

"कशाच्या बदल्यात?"

ते माझ्याकडे बघत राहिले, ग्लेनिस रडत गेली त्या दिवशी दारातून बघितलं होतं तसे. मग म्हणाले, "शिडी बाहेरच राहिलीय. आत घे."